शिवणपेटीतली अर्धवट कुंची

१/ आजीच्या आईची शिवणपेटी फडताळात सापडली. दिवाळीच्या सफाईत ती 'धुऊन-पुसून' निघणार होती; मी एक दिवस मागून घेतला.

२/ झाकणावर सदेली काम आहे. ही कला इराणातून सिंधमार्गे सुरत-मुंबईस आली, असे मानले जाते. हस्तिदंत, आबनूस, चंदन व कथील यांच्या बारीक काड्यांची जुडी सरसाने चिकटवायची, तिच्या आडव्या चकत्या कापायच्या आणि त्या पेटीवर बसवायच्या. एकोणिसाव्या शतकात अशा पेट्या युरोपीय गिऱ्हाइकांत फार लोकप्रिय होत्या. सरस पाण्याने सुटतो. ओले फडके फिरले असते, तर नक्षीच उखडली असती.

३/ आत सुती दोऱ्याची लाकडी रिळे. या दोऱ्यामागे चक्क नेपोलियन आहे! १८०६ च्या त्याच्या नाकेबंदीने ब्रिटनमध्ये रेशीम दुर्मिळ झाले, तेव्हा स्कॉटलंडमधील पेझली गावच्या क्लार्क बंधूंनी रेशमाऐवजी सुती दोरा वळला. १८१२ मध्ये त्याचा कारखाना निघाला.

४/ तळाशी एक अर्धवट कुंची. सुई टाक्यातच अडकलेली, भोवती गंजाचे तपकिरी कडे. आजी म्हणाली, "ती माझ्या आधीच्या बाळाची."

५/ सुई काढावी, तर थांबलेला टाका जातो. ठेवावी, तर गंज पसरतो. ओढून काढल्यास कापडही फाटेल. प्रत्येक वस्तूचे जागच्या जागी छायाचित्र घेतले, सुईखाली आम्लरहित कागद सरकवला आणि सुई तशीच ठेवली. संवर्धनशास्त्राला हे कदाचित पटणार नाही. डब्यात सिलिका जेल आहे. पावसाळ्यात दर पंधरवड्याला तपासेन.