'आय अ‍ॅम डायरेक्टेड टू से'

भारत सरकारची असंख्य औपचारिक पत्रे या पाच शब्दांनी सुरू होतात. सेवेत नवा असताना अशा पहिल्याच पत्रावर सही करताना मला प्रश्न पडला होता की, हा आदेश मला नेमका दिला कोणी? टिपणीवर तर वरिष्ठांची केवळ आद्याक्षरे होती. आमच्या वयोवृद्ध सेक्शन ऑफिसरांनी समजावले, "साहेब, सही आपली असते, बोलते सरकार." हिंदी पत्रांत याच वाक्याचे 'मुझे यह कहने का निदेश हुआ है' असे रूप होते. तेव्हापासून 'डायरेक्शन' या शब्दाने माझा पिच्छा पुरवला आहे.

इंग्रजीतला हा शब्द लॅटिन 'दिरिगेरे'पासून आला. त्याच्या पोटात 'रेगेरे' म्हणजे सरळ करणे, सरळ रेषेत नेणे, आणि त्यावरूनच राज्य करणे, हे क्रियापद आहे. रेक्टर, रेजिमेंट, रूल, करेक्ट ही सारी त्याचीच भावंडे. भाषाशास्त्रज्ञ आपल्या 'ऋजु' आणि 'राजा' या शब्दांचे नातेही याच कुळाशी जोडतात. 'अ‍ॅड्रेस' आणि 'ड्रेस' हे शब्द फ्रेंचमधून वळसा घेऊन याच घरातून आले. जुन्या इंग्रजीत पाकिटावरील पत्त्याला सरळ 'डायरेक्शन'च म्हणत. शोकगीताला इंग्रजीत 'डर्ज' म्हणतात, तोही 'दिरिगे' या लॅटिन आज्ञार्थाचाच अवशेष. मृतांसाठीच्या प्रार्थनेतील एका स्तोत्राचा तो पहिला शब्द होता.

आपली 'दिशा' मात्र 'दिश्' म्हणजे दाखवणे या धातूपासून निघाली. देश, संदेश, उपदेश, निर्देश, आदेश हे सर्व तिचेच गोत्रज. म्हणजे इंग्रजी शब्द राज्य करण्यापासून निघून बोट दाखवण्यापर्यंत उतरला आणि आपला शब्द बोट दाखवण्यापासून निघून हुकमापर्यंत चढला. दोघांची गाठ पडली ती सरकारी कचेरीत.

ती गाठ जुनी आहे. १६०० च्या सनदेत ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार गव्हर्नर आणि २४ 'कमिट्या' यांच्याकडे होता. कमिटी म्हणजे तेव्हा व्यक्ती, मंडळ नव्हे. पुढे १७०९ पर्यंत जुन्या आणि नव्या कंपनीचे एकत्रीकरण झाले आणि २४ डायरेक्टर आले. एखादा गृहस्थ डायरेक्टर झाला की तो 'डायरेक्शनमध्ये' गेला असे लंडनमध्ये म्हणत. परंतु शिडाच्या जहाजाने केपला वळसा घालून कलकत्त्यास पोचायला पाच-सहा महिने लागत. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हाती पडायला वर्ष, कधी त्याहूनही अधिक काळ जाई. तोवर इथे लढाई होऊन तहही झालेला असे. कागदोपत्री तो हुकूम. प्रत्यक्षात दूरवरून दाखवलेले बोट. १८५८ मध्ये कंपनीचे राज्य संपले, पण शब्द राहिला. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर प्रांतोप्रांती 'डायरेक्टर ऑफ पब्लिक इन्स्ट्रक्शन' हे पद निर्माण झालेच होते. मराठीने यथावकाश या शब्दाची वाटणी केली. खात्याला आणि कंपनीला 'संचालक' मिळाला, दिशा दाखवणारा 'दिग्दर्शक' मात्र नाटक-सिनेमाकडे गेला. (ही वाटणी करणाऱ्यास सरकारी खात्यांचा अनुभव असावा!)

संविधान सभेत हा शब्द पुन्हा कसोटीला लागला. १९३७ च्या आयरिश राज्यघटनेच्या धर्तीवर आपण 'डायरेक्टिव्ह प्रिन्सिपल्स' घेतली. १९३५ च्या कायद्याखाली गव्हर्नरांना जी सूचनापत्रे दिली जात, त्यांचेच हे दुसरे नाव आहे, असे डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी सांगितले. १९ नोव्हेंबरला शीर्षकातून 'डायरेक्टिव्ह' काढून 'फंडामेंटल' घालावे, अशी दुरुस्ती आली. बाबासाहेबांनी ती मानली नाही. भावी विधिमंडळाला आणि कार्यकारी सत्तेला ही सभा निदेश देत आहे, म्हणून हा शब्द आवश्यकच आहे, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्या शालेय पुस्तकांनी मात्र त्यांना 'मार्गदर्शक तत्त्वे' म्हटले, आणि माझ्या मते तिथेच निम्मे वजन उतरले. संविधानाच्या मराठी आवृत्तीतील 'निदेशक' हाच शब्द योग्य आहे.

अर्थात संविधानातही या शब्दाची दोन टोके आहेत. अनुच्छेद ३७ नुसार निदेशक तत्त्वांची अंमलबजावणी न्यायालयाकरवी करवून घेता येत नाही. उलट केंद्राने अनुच्छेद २५६ खाली राज्याला दिलेला निदेश पाळला गेला नाही तर अनुच्छेद ३६५ उभा राहतो, आणि राष्ट्रपती राजवटीचा दरवाजा किलकिला होतो. न्यायालयांच्या परिभाषेत तर 'डायरेक्टरी' म्हणजे 'मँडेटरी'च्या उलट. जी तरतूद काटेकोर पाळली नाही तरी केलेले कृत्य रद्द ठरत नाही, अशी.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणा मंडळींचा या शब्दाशी थेट संबंध येतो तो अनुच्छेद ३५०-क मध्ये. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने तो आला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, आणि राष्ट्रपती आवश्यक ते निदेश राज्यांना देऊ शकतील, असे तो म्हणतो. 'प्रयत्न' आणि 'देऊ शकतील' हे दोन शब्द वाचताना मी दर वेळी थांबतो.

काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रापासून दूरच्या एका शहरातील पालक दिल्लीत मला भेटायला आले. तिथल्या शाळेतला मराठी प्राथमिक वर्ग बंद होणार होता. त्यांच्या हाती या अनुच्छेदाची प्रत होती आणि निदेश म्हणजे हुकूम अशी त्यांची ठाम समजूत होती. विषय माझ्या मंत्रालयाचा नव्हता. मी ओळखीच्या एका अधिकाऱ्याला अर्धशासकीय पत्र लिहिले. अशा पत्रात 'आय अ‍ॅम डायरेक्टेड' लिहीत नाहीत, आणि मला कोणी निदेश दिलाही नव्हता. आपण लक्ष घालावे, इतकेच लिहिले.

दीड महिन्याने उत्तर आले. संबंधितांना नियमानुसार कार्यवाहीचे निदेश देण्यात आले आहेत, असे त्यात होते. मी त्याची प्रत पालकांना पाठवली. त्यांचा फोन आला तेव्हा नवे सत्र सुरू होऊन आठवडा झाला होता आणि मुले हिंदी वर्गात बसू लागली होती.