कारमधील म्युझिक सिस्टीम चोरीपासून कशी वाचवाल?

मुंब्रा-कौसा, राबोडी किंवा कल्याणच्या जुन्या वस्तीत बऱ्याच इमारतींना पार्किंगच नाही. गाडी रात्रभर रस्त्याच्या कडेला उभी असते. तरावीहच्या वेळी आणि लग्नाच्या हॉलबाहेरही तीच गत. काच फोडायची, टेप ओढायचा, वायरी तोडायच्या, एवढंच चोराचं काम. म्हणून त्याचा वेळ वाढला पाहिजे आणि चोरलेला माल विकणं अवघड झालं पाहिजे.

बसवताना
टेप नुसता पुढून अडकवून घेऊ नका. मागच्या बाजूनेही पट्टी आणि बोल्टने कसून घ्या. पुढचं पॅनल निघणारं असेल तर गाडीतून उतरताना ते सोबत न्या. सिस्टीमला सिक्युरिटी कोड असेल तर तो चालू करा. कोडचं कार्ड मात्र घरी ठेवा, कारण बॅटरी काढल्यावर तो पुन्हा लागू शकतो. वूफर आणि अँप डिकीत झाकून ठेवा. गाडी उजेडात, शक्यतो सीसीटीव्हीसमोर लावा.

कागदपत्रं
बिल आणि सीरियल नंबरचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. पोलिसांनी माल पकडला तरी तो आपलाच आहे हे याच नंबरावरून दाखवता येतं. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात चोरीची भरपाई मिळत नाही. सिस्टीम बाहेरून बसवली असेल तर तिची किंमत पॉलिसीत वेगळी लिहून घ्या. त्यासाठी थोडा जादा प्रीमियम पडतो.

चोरी झालीच तर
गाडीला हात न लावता आधी फोटो काढा आणि ११२ वर कळवा. पोलिस ठाण्यात ‘हरवले’ अशी नोंद करून परत येऊ नका, चोरीचा एफआयआर मागा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असो, तक्रार देता येते. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते. विमा कंपनीलाही लगेच कळवा.

विकत घेताना
हा मुद्दा आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. निम्म्या किमतीत, बिलाशिवाय मिळणारा टेप आपल्या पोरांना मोठा सौदा वाटतो. पण माल चोरीचा आहे हे माहीत असून, किंवा तसं मानायला कारण असून घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दोन-तीन हजार वाचवायला गेलेला मुलगा कोर्टाच्या तारखा मोजत बसतो. जुना टेप घ्यायचाच असेल तर बिल, विकणाऱ्याचं नाव-पत्ता आणि सीरियल नंबर लिहून घ्या. नंबर खरवडलेला दिसला तर तिथूनच परत फिरा. घेणारा नसेल तर चोराला काच फोडून मिळणार काय? घरातल्या मुलांना हे आजच समजावून सांगा.