श्वानवधाकडून निर्बीजीकरणाकडे : मुंबई ते दिघा

मुंबईच्या सामाजिक इतिहासात १८३२ च्या श्वानदंग्याला फारसे स्थान मिळालेले नाही. तथापि नागरी वस्तीतील प्राण्यांची संख्या आवरावी कशी, हा प्रश्न त्या प्रसंगी प्रथमच भर रस्त्यावर आला. उन्हाळ्यात बेवारशी कुत्री मारण्याचा पोलिसांचा प्रघात त्यापूर्वीचा होता आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे शिपायाला बक्षीस मिळे. बक्षिसाच्या लोभाने पाळीव कुत्रीही सुटेनात, तेव्हा ६ जून रोजी पारशी रहिवाशांनी शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी कोटातील व्यवहार बंद पडले व लष्कर बोलवावे लागले. पारशी धर्माचारात कुत्र्याला पवित्र स्थान आहे, हे सरकारने जमेस धरले नव्हते. पुढे १८३४ साली जमशेटजी जीजीभाई प्रभृतींनी मुंबईत पांजरापोळ स्थापिली.

वध आणि आश्रय हे दोन्ही मार्ग एकाच ठिकाणी अपुरे पडतात. उकिरडा तसाच राहिला, की मेलेल्या वा हलविलेल्या कुत्र्याची जागा शेजारच्या आळीतील कुत्रे घेते, आणि कुत्रीचा गर्भकाळ अवघा दोन महिन्यांचा असतो. आश्चर्य हे, की गोऱ्हा खच्ची करून बैल करणारा आपला शेतकरी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या जाणत होता. कुत्र्यामांजरांच्या बाबतीत ती फारशी वापरली गेली नाही. जयपूर येथे १९९४ ते २००२ या काळात कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण सातत्याने झाले, तेव्हा तेथील त्यांची संख्या सुमारे २८ टक्क्यांनी घटली. वधाच्या प्रदीर्घ अमलात असा परिणाम दिसला नव्हता. केंद्र सरकारच्या २००१ च्या नियमांनी हीच पद्धत देशभर स्वीकारली आणि २०२३ च्या नियमांनी पाळीव प्राण्याच्या निर्बीजीकरणाची जबाबदारी धन्यावर टाकली.

या नियमांची खरी कसोटी दिघ्यासारख्या ठिकाणी लागते. १९९२ साली स्थापन झालेल्या नवी मुंबई महानगरपालिकेच्या उत्तर टोकाला वसलेले हे गाव. पलीकडे विटावा व कळवा ठाणे महानगरपालिकेत मोडतात. माणसांनी आखलेली ही हद्द कुत्र्यांस ठाऊक नाही. एका बाजूने शस्त्रक्रिया केल्या आणि दुसरीकडे प्रजनन मोकळे राहिले, तर पहिलीचा खर्च बराचसा वाया जावयाचा.

त्यातही घरच्या जनावराचा विचार सर्वांत मागे पडतो. घरच्या मांजरीची नको असलेली पिल्ले पोत्यात भरून मासळीबाजारात सोडण्याची रीत अनेक गावांना परिचित आहे. रस्त्यावरील संख्येत ही भर घरातूनच पडते. वस्तुतः शस्त्रक्रियेचा लाभ जनावरालाही होतो. मादीच्या गर्भाशयात पू होण्याचा प्राणघातक विकार टळतो. ती लवकर केल्यास स्तनातील गाठींचा संभवही पुष्कळ घटतो. बोका रात्री भटकण्याचे व मारामारीत जखमी होण्याचे प्रमाण कमी होते. गाभण राहण्यापूर्वीच मादीवर ही शस्त्रक्रिया करणे पशुवैद्यकांना इष्ट वाटते, आणि मांजर तर सहा महिन्यांच्या आतही गाभण राहू शकते.