लाकडाच्या रंगाआडचे चाक (थ्रेड)

जुलै १९३४. पिरनीज पर्वतातील प्युमोरां खिंडीच्या उतारावर वीस वर्षांचा एक तरुण दगडी कठड्यावर बसून रडत होता. शेजारच्या त्याच्या सायकलला पुढचे चाक नव्हते. ते त्याने स्वतःच काढून दुसऱ्याला दिले होते. हे छायाचित्र फ्रान्सभर गाजले. एका चाकाला एवढे मोल का आले होते, हे समजण्यासाठी आधी चाकाकडेच पाहावे लागेल.

बैलगाडीचे चाक आणि सायकलचे चाक दिसायला एकाच कुळातले. पण त्यांचे बळ निराळ्या ठिकाणी असते. गाडीच्या चाकात वरचा भार जाड लाकडी आरा खालून पेलतो. सायकलची बारीक तार असा दाब सोसू शकत नाही, ती वाकेल. म्हणून प्रत्येक तार आधीच ताणून बसवलेली असते. भार आला की खालच्या तारांचा ताण थोडा कमी होतो, एवढेच. १८७४ साली कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने तारा हबपासून सरळ न नेता तिरप्या, एकमेकींना छेद देत ओवण्याच्या रचनेचे पेटंट घेतले. पायडलचा जोर हबकडून रिमपर्यंत पोहोचवण्यास ही रचना अधिक समर्थ ठरली. आज हौशी सायकलस्वार कारागिराकडून मनाजोगते चाक बांधून घेतो, तेही बहुधा याच रचनेचे असते.

असे चाक बांधायचे म्हणजे रिम, हब आणि तारा वेगवेगळ्या निवडायच्या, स्वाराचे वजन आणि रस्ता पाहून तारांची संख्या ठरवायची, आणि मग एकेका तारेचा ताण जुळवत चाक सरळ फिरेपर्यंत बसायचे. आपल्याकडच्या सायकल दुकानातला ‘आऊट काढणे’ हा शब्दप्रयोग याच शेवटच्या कामाचा. यात रिमची निवड सर्वांत कळीची. परिघावरचे वजन पुढेही न्यावे लागते आणि फिरवावेही लागते, त्यामुळे वेग घेताना ते जवळपास दुप्पट जाणवते. एकसारख्या चढावर मात्र ते इतर वजनासारखेच असते. हलक्या चाकांची थोरवी सांगताना हे बहुधा विसरले जाते.

टूर द फ्रान्समध्ये मात्र निवडीला वावच नव्हता. १९०३ मध्ये ही शर्यत सुरू करणाऱ्या आंरी देग्रांजला जिंकावा तो माणूस, यंत्र नव्हे, असे वाटे. १९३० पासून त्याने कंपन्यांचे संघ मोडून राष्ट्रीय संघ आणले आणि सर्वांना आयोजकांच्याच, निर्मात्याचे नाव नसलेल्या पिवळ्या सायकली दिल्या. रिम लाकडाचीच. या आग्रहामागे निव्वळ हट्ट नव्हता. तेव्हाचे शर्यतीचे टायर रिमला चिकटवलेले असत आणि ब्रेक रिमवरच दाबले जात. डोंगर उतरताना धातूची रिम तापेल, गोंद वितळेल आणि टायर निसटून स्वार दरीत जाईल, ही भीती होती. लाकूड उष्णता सहज वाहू देत नाही.

पण लाकूड पाण्याने फुगते, वाकते आणि खड्ड्यात तडकते. फ्रान्सच्या माविक कंपनीने ड्युरॅल्युमिनची, म्हणजे विमानांत वापरल्या जाणाऱ्या हलक्या मिश्रधातूची, पोकळ रिम तयार केली. तारांच्या छिद्रांना आधार देणारी कडी हे तिचे वैशिष्ट्य. इटलीच्या मारियो लोंगीने तसेच पेटंट अवघे दोन तास आधी दाखल केले होते असे सांगतात. कंपनीला त्याच्याशी परवान्याचा करार करावा लागला.

माविकच्या परंपरेनुसार, १९३४ च्या शर्यतीत आंतोनँ मान्ये याच रिमवर धावला आणि पंचांना कळू नये म्हणून ती लाकडासारखी रंगवलेली होती.

मान्ये १९३१ चा विजेता, फ्रेंच संघाचा नायक. १९३४ मध्येही पिवळी जर्सी त्याच्याच अंगावर होती आणि इटलीचा ज्युझेप्पे मार्तानो मागावर होता. प्युमोरांच्या उतारावर मान्येचे पुढचे चाक मोडले. तेव्हा संघातल्या रेने व्हिएत्तोने आपले चाक काढून दिले आणि तो मदतीच्या गाडीची वाट पाहत बसला. कान शहरातल्या हॉटेलात पूर्वी लिफ्ट चालवणारा हा पोरगा त्या वर्षीचा सर्वोत्तम चढाईपटू होता. दुसऱ्या दिवशी पोर्ते दास्पेच्या उतारावर मान्येच्या सायकलने पुन्हा दगा दिला. व्हिएत्तो पुढे निघून गेला होता. तो उलटा फिरला, चढ चढून परत आला आणि या वेळी त्याने आपली सायकल देऊन टाकली. मान्ये जिंकला. व्हिएत्तो पाचवा आला आणि पुढे कधीही टूर जिंकू शकला नाही.

येथे एक पेच उरतो. व्हिएत्तोच्या त्यागाची कथा सांगणारे बहुतेक जण मान्येची लाकडी रिम खड्ड्यात फुटली असे सांगतात. कंपनी त्याच स्वाराला त्याच शर्यतीत धातूच्या रिमवर बसवते. चाके वारंवार बदलत असल्याने दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. तरीही रंगवलेल्या रिमची हकिकत सांगणारी कंपनी तीच रिम विकत होती, हे वाचकाने ध्यानात ठेवलेले बरे.

१९३७ साली टूरमध्ये धातूच्या रिमला मुभा मिळाली. लाकडी रिम हळूहळू मागे पडली आणि देग्रांजची भीती अनाठायी ठरली, असे वाटू लागले. पुढे अनेक दशकांनी कार्बनच्या रिम आल्या. लांब उतारांवर ब्रेक दाबून धरल्याने त्यातली राळ मऊ पडू लागली आणि उष्णतेचा जुनाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. रिमऐवजी हबजवळच्या चकतीवर दाबणाऱ्या ब्रेकना रस्त्यावरील शर्यतींत कायमची परवानगी मिळाली ती १ जुलै २०१८ रोजी.