सिर्फिड माशी

द्विपंखी गणाच्या सिर्फिडी कुलातील माश्या. जगभरात सुमारे ६,००० जाती ज्ञात. फुलासमोर हवेत एका जागी स्थिर राहून त्या तरंगतात. अंगावरच्या पिवळ्या-काळ्या पट्ट्यांमुळे त्या मधमाशी किंवा गांधीलमाशी वाटतात. मात्र त्यांना नांगी नसते. हे सोंग पक्ष्यांना दूर ठेवण्यासाठी असते.

ओळख : केवळ रंगावरून जात ठरवू नये. एपिसिर्फस बाल्टिएटस या आपल्याकडेही आढळणाऱ्या जातीची कोषावस्था थंडीत गेली, तर बाहेर येणारी माशी काळपट असते. पंखांची एकच जोडी आणि आखूड शृंगिका दिसल्या की मधमाशीची शंका मिटते. कुलाची खरी खूण पंखात असते. पंखाच्या मध्यभागी शिरेसारखी दिसणारी एक घडी असते. तिची टोके कोणत्याही शिरेला मिळत नाहीत. तिला आभासी शीर म्हणतात. मोजक्या जातींत ती पुसट असते, क्वचित नसतेही. बहुतेक जातींत नराचे डोळे माथ्यावर एकमेकांना भिडतात, मादीचे अलग राहतात.

वर्गीकरण : पूर्वी तीन उपकुले मानत, आता पिपिझिनी हे चौथे वेगळे धरतात. सिर्फिनी उपकुलात डोके वक्षाला घट्ट चिकटलेले आणि वक्षाच्या पुढच्या कोपऱ्यांवर केस नसतात. एरिस्टॅलिनीत तिथे केस असतात. अळ्यांतील फरक याहून ठळक आहे. एरिस्टॅलिसची अळी घाण पाण्यात राहून शेपटीसारख्या लांब नळीने श्वास घेते. मायक्रोडॉनच्या अळ्या मुंग्यांच्या वारुळात वाढतात. एकोणिसाव्या शतकात त्यांचे वर्णन चक्क गोगलगायीच्या वर्गातील प्राणी म्हणून झाले होते. भारतीय जातींसाठी ब्रुनेटी यांचा ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालेतील १९२३ चा खंड हा पायाभूत ग्रंथ असला, तरी त्यातील अनेक नावे आता बदलली आहेत.

शेतीतील स्थान : प्रौढ माश्या मकरंद व पराग खातात आणि परागीभवन करतात. सिर्फिनीतील बहुतेकांच्या अळ्यांचे मुख्य खाद्य मावा. इस्किओडॉन स्कुटेलॅरिस ही भारतातील अशीच एक जात. या अळ्या बिनपायांच्या, डोक्याकडे निमुळत्या, हिरवट किंवा मळकट पांढऱ्या असतात. म्हणूनच अनेकदा कीड समजून त्या चिरडल्या जातात. करडई, मोहरी किंवा कोबीवर मावा दिसला, तर फवारणीआधी पानांच्या खालची बाजू तपासावी आणि अशा अळ्या पुरेशा असतील तर फवारणी टाळावी.