दोन पौंड, दोन शिलिंग, सात पेन्स

‘जगातील सर्वोत्तम मोटार’ हे विशेषण रोल्स-रॉइसच्या नावाला इतके घट्ट चिकटले आहे की ते कोणत्या आधारावर लागले, असे विचारणेही अरसिकपणाचे वाटावे. आम्ही तो अरसिकपणा करू इच्छितो. समीक्षेत वावरणाऱ्याला विशेषणाचा संशय यायलाच हवा. आणि या विशेषणामागे सुदैवाने एक तपासता येण्याजोगी नोंद उभी आहे.

१९०७ साली कंपनीचे व्यवस्थापक क्लॉड जॉन्सन यांनी ४०/५० अश्वशक्तीच्या नव्या मालिकेतली एक गाडी (नोंदणी क्रमांक एएक्स २०१) रुपेरी रंगाने रंगवून घेतली, काही भागांना चांदीचा मुलामा दिला आणि तिचे नाव ठेवले ‘सिल्व्हर घोस्ट’. सहा सिलिंडरांचे, सात लिटरांचे तिचे इंजिन इतके शांत चाले की भुताची उपमा सहज सुचावी. हे नाव मुळात त्या एकाच गाडीचे. लोकांनी ते पुढे साऱ्या मालिकेला देऊन टाकले. इथवर सगळी जाहिरातच आहे, आणि जॉन्सन यांना ती कला उत्तम अवगत होती.

मात्र यानंतर त्यांनी गाडी रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या निरीक्षकांच्या नजरेखाली दिली. आधी २,००० मैलांची चाचणी, लगेच १५,००० मैलांची. लंडन आणि ग्लासगो यांच्या दरम्यान गाडी रात्रंदिवस जात-येत राहिली. विश्रांती फक्त रविवारी. चालकांत स्वतः जॉन्सन होते, चार्ल्स रोल्सही होते. ६२९ मैलांवर ती एकदा थांबली. रस्त्याच्या धक्क्यांनी पेट्रोलची तोटी आपोआप बंद झाली होती. त्यानंतरचे १४,३७१ मैल, टायरसाठीचे थांबे वगळता, अनिच्छेने एकदाही थांबणे झाले नाही. आम्हांला या साऱ्या वृत्तांतात ती तोटीच सर्वांत मोलाची वाटते. स्तुतिपाठकाने ती गाळली असती. निरीक्षकाने नोंदवली, म्हणूनच उरलेल्या आकड्यावर विश्वास ठेवता येतो.

पुढचा भाग अधिक रोचक आहे. चाचणी संपल्यावर गाडी खोलून तिचे भाग मोजण्यात आले. इंजिनाच्या मुख्य बेअरिंगांत मोजता येण्याजोगी झीज आढळली नाही. गाडी पुन्हा नव्यासारखी करण्यासाठी बदलायच्या भागांची किंमत निघाली २ पौंड २ शिलिंग ७ पेन्स. ‘सर्वोत्तम’ हा शब्द कुणीही लिहू शकतो; ते सात पेन्स लिहिण्यासाठी गाडी खोलावी लागते.

अर्थात टिकाऊपणा म्हणजे रस्त्यावरची सर्व कामगिरी नव्हे. त्याचे उत्तर १९११ साली प्रतिस्पर्धी नेपियर कंपनीच्या आव्हानातून मिळाले. अर्नेस्ट हाइव्ह्ज यांनी रोल्स-रॉइसची गाडी लंडनहून एडिंबरोला आणि परत फक्त वरच्या गिअरमध्ये नेली. एका गॅलनला २४.३२ मैल पडले. तीच गाडी नंतर ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर ताशी ७८.२ मैल वेगाने धावली. रांगणारी चाल, काटकसर आणि वेग हे तिन्ही गुण एकाच यंत्रात असणे त्या काळी सोपे नव्हते.

आपल्याकडचा दुवाही नोंदवावा. १९०८ साली याच मालिकेतली ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची गाडी मुंबई-कोल्हापूर चाचणीत उतरली. इंग्लंडच्या रस्त्यांवर मिळवलेली कीर्ती सह्याद्रीच्या घाटांत तपासली जाणे आम्हांला अगदी न्याय्य वाटते. पुढे ती गाडी ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी विकत घेतली.

एक गोष्ट मात्र कोणत्याही चाचणीच्या मथळ्यात आली नाही. ताशी ७८ मैलांनी धावणारी ही गाडी थांबवायची, तर ब्रेक फक्त मागच्या चाकांवरच काम करत. चारही चाकांचे ब्रेक या मालिकेला मिळाले, ते थेट १९२३-२४च्या सुमारास.