जोश गिब्सनचे आकडे कुणी गाळले होते?

२८ मे २०२४ रोजी अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलने आपली अधिकृत विक्रमवही बदलली. कारकिर्दीतल्या फलंदाजी सरासरीच्या यादीत कित्येक दशके टाय कॉब या गोऱ्या खेळाडूचे नाव पहिले होते. आता तिथे जोश गिब्सनचे नाव आहे. कॉब .३६७, गिब्सन .३७२. म्हणजे हजार संधींत ३७२ यशस्वी फटके. गिब्सन कृष्णवर्णीय होता आणि मेजर लीगचा एकही सामना त्याला खेळू दिला गेला नाही. २० जानेवारी १९४७ रोजी, अवघ्या ३५व्या वर्षी तो गेला. तीन महिन्यांनी, १५ एप्रिलला, जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि दार उघडले.

ही दुरुस्ती होताच ओरड सुरू झाली. न खेळलेल्या लीगच्या यादीत हा पहिला कसा? आता विक्रमातही सवलती वाटणार का? मित्रहो, हा सूर आपल्या कानांना नवा नाही. म्हणूनच त्याचे उत्तर भावनेने न देता आकड्यांनी द्यायला हवे.

मुळात ही भिंत बांधली कुणी? १८८४ साली मोझेस फ्लीटवूड वॉकर टोलेडोच्या संघातून वरच्या दर्जाचे बेसबॉल खेळत होता. १८८७ मध्ये इंटरनॅशनल लीगच्या मालकांनी ठराव केला की यापुढे कृष्णवर्णीयांशी नवे करार करायचे नाहीत. वरच्या लीगांनी तर लेखी नियमसुद्धा केला नाही. सगळ्या मालकांनी मिळून पाळलेली समजूत पुरेशी होती. कागदावर बंदी नाही, पण प्रवेशही नाही. गावच्या पाणवठ्यावर तरी पाटी कुठे लावलेली असायची?

मग रूब फॉस्टरने १३ फेब्रुवारी १९२० रोजी कॅन्सस सिटीत नीग्रो नॅशनल लीग स्थापन केली. बाबासाहेबांचा 'मूकनायक' त्याच्या दोनच आठवडे आधी, ३१ जानेवारीला निघाला होता. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, पण गरज सारखीच होती: दुसऱ्याच्या दारात ताटकळण्यापेक्षा आपले व्यासपीठ आपण उभारायचे.

आता खरा मुद्दा. बेसबॉल हा आकड्यांवर जगणारा खेळ आहे. १९६९ साली त्याचा पहिला मोठा संगणकीय विश्वकोश निघाला. त्यासाठी नेमलेल्या पाच जणांच्या समितीत एकही कृष्णवर्णीय नव्हता. कोणत्या लीगांना 'मेजर' म्हणायचे, हे तिने ठरवले. तिने सहा लीग निवडल्या. त्यात १८८४ ची युनियन असोसिएशन होती, जी एकच हंगाम टिकली. तिचे कित्येक संघ हंगामाच्या मधेच बंद पडले, आणि सेंट लुईसचा संघ ९४ सामने जिंकून फक्त १९ हरला. अशी विस्कळीत लीग 'मेजर' ठरली. कृष्णवर्णीयांच्या लीग नाकारल्या असेही नाही. त्यांचा विचारच झाला नाही. गुणवत्तेची पट्टी कुणाच्या हातात होती, हे यातून दिसते.

दुसरा आक्षेप असा की सामने कमी होते. हे खरे आहे. या लीगांचे अधिकृत सामने हंगामाला साधारण साठ ते ऐंशी. बाकी वेळ पोटासाठी गावोगाव प्रदर्शनी सामने. ते विक्रमात धरलेले नाहीत. गिब्सनच्या संधी कॉबपेक्षा कितीतरी कमी आहेत, आणि लहान नमुन्यात सरासरी वर-खाली जास्त होते, हे आम्हीही मान्य करतो. पण २०२० साली कोरोनामुळे मेजर लीगचा हंगाम ६० सामन्यांचाच झाला. हुआन सोटो ४७ सामने खेळून .३५१ सरासरीवर नॅशनल लीगचा अव्वल फलंदाज ठरला. त्याच्या नावापुढे कुणी प्रश्नचिन्ह लावले नाही. मग १९४३ मधल्या गिब्सनच्या .४६६ पुढेच का लावायचे?

हे आकडे आले कुठून? गोऱ्यांच्या वर्तमानपत्रांनी हे सामने क्वचितच छापले. 'पिट्सबर्ग कुरियर', 'शिकागो डिफेंडर', 'बाल्टिमोर आफ्रो-अमेरिकन' या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकांनी धावफलक छापले. लॅरी लेस्टर, गॅरी ॲशविल यांच्यासारख्या संशोधकांनी वर्षानुवर्षे मायक्रोफिल्म चाळून एकेक सामना जुळवला. गुंतवणूकदार नाही, सरकारी योजना नाही. चिकाटी तेवढी होती.

आमच्या कार्यकर्त्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. गिब्सनच्या सन्मानफलकावर जवळपास ८०० होमरनचा उल्लेख आहे. अधिकृत मोजणीत मात्र ते दोनशेही भरत नाहीत, कारण पुरावा असलेले लीग सामनेच धरले गेले. संशोधकांनी दंतकथा बाजूला ठेवली, आणि तरीही गिब्सन पहिला आला. आपल्याकडे महापुरुषांविषयी पुराव्याविना फुगवलेले आकडे व्हॉट्सॲपवर फिरतात. विरोधकाला तेवढे एक छिद्र पुरते.

आपल्या पालवणकर बाळूंची गोष्ट जरा वेगळी. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. धावपुस्तिकेत ते नोंदले गेले, पण हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. नाकारलेल्या कर्णधारपदाचा रकाना कुठल्याच विक्रमवहीत नसतो.

रॉबिन्सनला नेताना ब्रँच रिकीने त्याच्या कॅन्सस सिटी मोनार्क्स संघाला एक डॉलरही दिला नाही. पुढे चांगले खेळाडू एकेक करून गेले, प्रेक्षक त्यांच्यामागे गेले आणि कृष्णवर्णीयांनी उभारलेल्या लीग काही वर्षांत संपल्या. समावेशनाची ही किंमत कोणत्या सरासरीत मोजायची?

१९२० ते १९४८ या काळातल्या नोंदी आज सुमारे ७५ टक्केच हाती आहेत, असा या कामाच्या समितीचा अंदाज आहे. उरलेले धावफलक सापडतील तसे आकडे बदलतील. गिब्सनची सरासरीही त्यात खाली-वर होऊ शकते. शोध चालू आहे.